मांसाहाराचा धोका: सीमेवर भीती एका गोष्टीची, आजार दुसऱ्याच गोष्टीचा

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. पन्नासच्या वर कावळे मेले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल आला: बर्ड फ्लू. लातूर जिल्हा प्रशासनाने दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याच दिवसांत अहमदपूर तालुक्यातल्या ढाळेगावात पोल्ट्रीतली चार हजारांवर पिल्लं मेल्याची बातमी आली आणि घबराट आणखी वाढली. उदगीरहून बिदर जिल्ह्यातलं कमलनगर जवळच. मध्ये राज्याची सीमा आहे, पण ती कावळ्यांना ठाऊक नाही.

अशी बातमी आली की सीमाभागात एक ठरलेली गोष्ट घडते. व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतात, चिकनचा भाव पडतो, लोक मटणाकडे वळतात. चार आठवड्यांनी सगळं विसरून गाडी पुन्हा रुळावर. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्येही हेच झालं होतं. कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने भाव इतका कोसळला की बेळगाव जिल्ह्यात गोकाककडच्या एका पोल्ट्रीवाल्याने सुमारे सहा हजार जिवंत पिल्लं खड्ड्यात पुरली. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होत नव्हता. नुकसान मात्र खरं होतं.

मांसाहाराचे धोके आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बिदर आणि कलबुरगी जिल्ह्यांत ज्या गोष्टींची भीती घातली जाते आणि ज्या गोष्टींमुळे माणसं प्रत्यक्षात आजारी पडू शकतात, त्या दोन वेगवेगळ्या आहेत. पहिल्यांवर चर्चा होते. दुसऱ्यांकडे ग्रामपंचायतीपासून जिल्हा प्रशासनापर्यंत फारसं कोणी बघत नाही.

तीन राज्यं, एकच ताट

२०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या लोकांना आहार विचारला गेला. तेलंगणात जवळपास ९९ टक्के, कर्नाटकात सुमारे ७९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ६० टक्के लोक मांसाहारी निघाले. बिदर आणि कलबुरगी या तिन्हींच्या मधोमध. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यातला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, ताट वेगळं झालं नाही.

एकीकडे बसवकल्याण ही शरणांची भूमी, लिंगायत आणि वारकरी घरांत वशाट चालत नाही. दुसरीकडे हैदराबादेत गरिबांची बिर्याणी म्हणून ओळखली जाणारी कल्याणी बिर्याणी याच बसवकल्याणच्या नवाबांच्या नावाने चालते. कलबुरगीत तहारी, ज्वारीच्या भाकरीबरोबर मटणाचा रस्सा, दर्ग्याची कंदुरी, आखाडातलं बकरं. कंदुरीच्या पंगतीला हिंदूही बसतो, मुसलमानही बसतो. त्यामुळे हा प्रश्न एका जातीचा किंवा एका धर्माचा नाही. शिवाय पुढे दिसेल की तो फक्त खाणाऱ्यांचाही नाही.

कॅन्सर होतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दहा देशांतल्या २२ तज्ज्ञांच्या अभ्यासावरून दोन निष्कर्ष दिले. सॉसेज, सलामी, बेकन असं खारवून, धुरी देऊन किंवा रसायनं घालून टिकवलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा. बकरा, मेंढा, म्हैस, गाय, डुक्कर यांचं लाल मांस त्याखालच्या गटात, म्हणजे कॅन्सर होण्याची बरीच शक्यता. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, असा हिशेब निघाला.

हीच बातमी नंतर 'मटण आणि सिगारेट सारखेच' अशी फिरली. ते चुकीचं आहे. गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे हे; धोका किती मोठा आहे हे गट सांगत नाही. त्याच संस्थेने दिलेल्या अंदाजानुसार प्रक्रिया केलेलं मांस जास्त खाण्याशी जोडलेले कॅन्सरचे मृत्यू जगभरात वर्षाला सुमारे ३४ हजार, तंबाखूमुळे होणारे सुमारे दहा लाख. आणि १८ टक्के म्हणजे शंभरात अठरा जणांना कॅन्सर, असंही नव्हे. जो काही मूळ धोका असतो तो तेवढ्याने वाढतो. भारतात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा मुळातच कमी आहे.

भालकी, औराद किंवा आळंदच्या शेतमजूर घरात मटण शिजतं ते आठवड्यातून एकदा, कुठे महिन्यातून एकदा. अशा घराला कॅन्सरची भीती घालायची तर आधी तोंडातला गुटखा काढायला सांगायला हवा. धोका वाढतोय तो दुसरीकडे. शहरात रोज संध्याकाळी कबाब, फ्राय, बिर्याणी खाणारा, दिवसभर बसून काम करणारा, साखर आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेला चाळिशीतला माणूस. त्याच्यासाठी मटणातली चरबी, डालडा, मीठ आणि काळं पडेपर्यंत भाजलेला तुकडा या सगळ्यांचा हिशेब लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरीच्या ताटात डाळी, अंडी आणि मांस मिळून दिवसाला ८५ ग्रॅम धरले आहेत. भाज्या मात्र ४०० ग्रॅम. आपल्याकडे पंगतीत हे प्रमाण नेमकं उलटं असतं.

खरा धोका: कापण्याची जागा

जनावर कापण्याआधी पशुवैद्यकाने ते तपासायचं, कापल्यावर काळीज-फुप्फुस-आतडी पुन्हा तपासायची आणि मगच मांस विक्रीला जाऊ द्यायचं, हा नियम देशभर आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार नगरपालिका हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. एका डॉक्टरने तासाला बारा आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत, इथपर्यंत नियम लिहून ठेवलाय. दिवसाला दहा बकऱ्यांपर्यंत कापणाऱ्या छोट्या दुकानालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते.

आता तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बकरं दुकानामागे किंवा नाल्याकाठी कापलं जातं. खेड्यात चार-पाच घरं मिळून बकरं घेतात आणि वाटे घालतात. कंदुरीला, जत्रेला एका दिवसात किती बकरी पडतात याची मोजदाद नाही, तिथे डॉक्टर कुठून येणार? खाटीक अनुभवी असतो, बरंच ओळखतोही. पण त्याचा अनुभव हा त्याच्या मालाचा अनुभव आहे. त्याच्यावर स्वतंत्र नजर ठेवणारं कोणी नाही.

याचा परिणाम कसा होतो हे समजायला एकच आजार पुरे आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसावर किंवा काळजावर कधी कधी पाणी भरलेले फोड दिसतात. खाटीक तो भाग कापून बाजूला फेकतो. तो कुत्रं खातं. फोडातल्या अळ्यांपासून कुत्र्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, अंगणात पडतात. शेळी ते गवत खाते आणि चक्र पूर्ण होतं. मध्येच एखाद्या मुलाने कुत्र्याला हात लावून तोच हात तोंडात घातला, तर फोड त्याच्या काळजात किंवा फुप्फुसात वाढू लागतो. वर्षानुवर्षं कळत नाही. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी होते तेव्हा गाठ दिसते आणि बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. डॉक्टर त्याला हायडॅटिड सिस्ट म्हणतात.

यात लक्षात घेण्यासारखं हे की ज्याने मटण खाल्लं त्याला हा आजार मटणातून होत नाही. तो होतो उघड्यावर टाकलेल्या टाकाऊ भागामुळे, कुत्र्यामार्फत. म्हणजे माळकरी घरातलं मूलही तितकंच धोक्यात. डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीचंही असंच. कच्चं राहिलेलं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो, पण त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून शेतात आणि तिथून न धुतलेल्या भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात गेली, तर फोड थेट मेंदूत होऊ शकतात. फिट येण्याचं ते एक मोठं कारण आहे. फिट आलेल्या माणसाने आयुष्यात मांसाला हात लावलेला नसतो, असंही होतं.

तिसरा धोका मेलेल्या जनावराचा. चांगलं चरणारं जनावर अचानक पडलं, नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर ते काळपुळीचं, म्हणजे अँथ्रॅक्सचं असू शकतं. असं जनावर कापणाऱ्याच्या हातावर काळी खपली धरणारी जखम होते, खाणाऱ्याच्या पोटात आजार जाऊ शकतो, आणि रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. शिजवलं की झालं, हा हिशेब इथे चालत नाही. पैसे बुडाले तरी असं जनावर कापू नये, चुना टाकून खोल पुरावं. शेळ्यांमध्ये गाभ पडण्याच्या ब्रुसेला रोगाचंही तसंच. त्याचा पहिला फटका खाणाऱ्याला बसत नाही. तो बसतो मेंढपाळाला, खाटकाला आणि कच्चं दूध पिणाऱ्याला. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी अंगावर काढली जाते.

बॉयलर: इंजेक्शनची अफवा, औषधाचं सत्य

'बॉयलरला फुगायचं इंजेक्शन देतात' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. ब्रॉयलर कोंबडी चाळीस दिवसांत तयार होते ती निवडलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना एकेक हार्मोनचं इंजेक्शन देणं धंद्यालाही परवडणारं नाही. पण अँटिबायोटिकचं प्रकरण खरं आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातून घेतलेल्या चिकनच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्क्यांत औषधांचे अंश सापडले. माणसाच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून वापरलं जाणारं कोलिस्टिन कोंबड्यांना द्यायला केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली. मांस, दूध, अंड्यांतल्या औषधांच्या अंशाचे कडक निकष १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले.

धोका असा की तेच तेच औषध खाऊन जंतू निर्ढावतात. मग माणसाला न्यूमोनिया किंवा जखमेचा संसर्ग झाला की साधी गोळी लागू पडत नाही. कडक निकष कागदावर आले, पण निकष पाळले का हे नमुना घेतल्याशिवाय कळत नाही. चिटगुप्पा किंवा चिंचोळीच्या दुकानातून चिकनचा नमुना तपासायला गेल्याचं किती जणांनी ऐकलंय?

बर्ड फ्लूचंही तारतम्य ठेवायला हवं. ७० अंशांवर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. पण मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या नरसरावपेटची दोन वर्षांची मुलगी याच आजाराने गेली. घरच्यांनी सांगितलं की तिला कच्च्या चिकनचा तुकडा खायला दिला होता. शिजलेल्या चिकनला घाबरायचं कारण नाही. कच्च्या तुकड्याशी, आजारी कोंबडीशी आणि मेलेल्या पक्ष्याशी खेळ नको, एवढाच याचा अर्थ.

सीमेवर काय अडतं

बकरी-कोंबड्या टेम्पोत बसून राज्यं ओलांडतात. हैदराबाद-सोलापूर महामार्ग जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा असा तिन्ही राज्यांतून जातो. पण तपासणी, सतर्कता, सूचना या राज्याच्या हद्दीपाशी थांबतात. उदगीरचा दहा किलोमीटरचा घेरा लातूर प्रशासन आखतं. त्याच्या पुढच्या गावाचा निर्णय बेंगळुरूच्या यंत्रणेतून येतो. इकडची सूचना कन्नडमध्ये, तिकडची मराठीत, पलीकडची तेलुगूत. सीमेवरच्या मराठी माणसाला स्वतःच्या तालुक्याची सूचना वाचता येत नाही आणि वाचता येते ती दुसऱ्या राज्याची असते.

कायदेही वेगळे. कर्नाटकाने २०२० च्या कायद्याने गाय-बैलांसह तेरा वर्षांखालच्या म्हशींच्या कत्तलीवरही बंदी घातली. महाराष्ट्रात गोवंशाला २०१५ पासून बंदी, म्हशीला तपासणी करून परवानगी. या कायद्यांवर मतं काहीही असोत, आरोग्याच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट आहे: जे चोरून कापलं जातं ते कोणताही डॉक्टर बघत नाही, आणि स्वस्त म्हणून ते शेवटी सगळ्यात गरीब घरात जातं.

न खाण्याचाही धोका आहे

ही चर्चा 'मग सोडूनच द्या' इथे संपवणं सोपं आहे. पण याच जिल्ह्यांत दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय कर्नाटकात सुमारे ४८, महाराष्ट्रात ५४ आणि तेलंगणात जवळपास ५८ टक्के निघाला. तेलंगणात जवळपास सगळेच मांसाहारी असून रक्तक्षय सगळ्यात जास्त. याचा अर्थ मांसाहारी असणं आणि पुरेसं मिळणं वेगळं. महिन्यातून एकदा पुरुषांनी जेवून झाल्यावर उरलेला रस्सा बाईच्या वाट्याला येत असेल, तर ती कागदावरच मांसाहारी.

कर्नाटक सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शाळेच्या जेवणात अंडी सुरू केली ती बिदर, कलबुरगी, यादगीर, रायचूर अशा सात जिल्ह्यांत, कारण कुपोषण तिथे जास्त होतं. काही मठांनी विरोध केला. न खाणाऱ्या मुलांना केळी मिळाली. पुढे योजना राज्यभर गेली आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याला सहा अंडी झाली. सीमेपलीकडे महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये शाळेतल्या अंड्यांचा सरकारी निधी थांबवला. कमलनगरच्या मुलाला अंडं, उदगीरच्या मुलाला नाही. गरज दोघांची सारखीच.

करायचं काय

घरात चार गोष्टी पुरेशा आहेत. कच्चं चिकन नळाखाली धुवू नये, त्याचे शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते शिजवल्याने. मटण कापलेल्या सुरीने आणि पाटावर कांदा-लिंबू चिरू नये. तुकडा हाडापाशी लालसर दिसला तर आणखी शिजवावा. आणि कलबुरगीचा उन्हाळा ४२ अंशांवर गेलेला असताना रात्रीची बिर्याणी पातेल्यात झाकून सकाळी वाढू नये. दोन तासांच्या आत संपवावी किंवा फ्रिजमध्ये ठेवावी. शिळं मटण पुन्हा उकळलं तरी काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष जात नाही. पंगतीतून विषबाधा होते ती बहुतेक अशीच.

बाकीचं काम घरात होणारं नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी पाणी, नाली आणि डॉक्टर असलेला एक छोटा कत्तलखाना हवा, टाकाऊ भाग पुरायला कुत्र्यांना न पोचणारा खड्डा हवा. कंदुरी-जत्रेच्या दिवशी पशुवैद्यकाची ड्युटी लागायला हवी. पैसा नाही म्हणायला जागा नाही. कलम ३७१ (ञ) खाली कल्याण कर्नाटकाचं विकास मंडळ कलबुरगीतच बसतं. माणसं नाहीत म्हणायलाही जागा नाही. कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुख्यालय बिदरच्या नंदीनगरात आहे. राज्यभरासाठी जनावरांचे डॉक्टर घडवणाऱ्या विद्यापीठाच्या गावाभोवती रविवारचं बकरं न तपासता कापलं जातं, हे चित्र बदलणं अशक्य नाही.

आणि तोपर्यंत एक साधी गोष्ट. जनावर अचानक मेलं, कोंबड्या पटापट पडू लागल्या, तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा. पशुवैद्यकीय मदतीचा हा क्रमांक तिन्ही राज्यांत एकच आहे. सीमेच्या तिन्ही बाजूंना एकच असलेली सरकारी गोष्ट तशी दुर्मीळ. ती वापरावी, आणि दुकानात मटणाचा भाव विचारताना सोबत 'हे तपासलंय का?' हेही विचारावं. गिऱ्हाईक विचारू लागलं की खाटीक शिक्का मागू लागेल, आणि शिक्का मागितला की तो मारणारा माणूस नेमावाच लागेल.